अमेझॉनच्या दारातल्या कुंदाताई

कुंदाताईंनी पहिल्याच भेटीत मला अंधारात कोंडलं.

देवळीहून पुलगावकडे जाताना डाव्या हाताला आत वळलं की कपाशीच्या शेतांमध्ये एक भलंमोठं पक्षी उद्यान लागतं. चिंचेच्या झाडाहून उंच लोखंडी खांब, त्यांवर ताणलेली बारीक जाळी, आणि जाळीखाली खऱ्या झाडांमधून माणसांनी चालत हिंडायचं. पक्षी डोक्यावरून जातात, कधी डोक्यावरच बसतात. जाळीच्या एका भागाचं नाव आफ्रिका, दुसऱ्याचं ऑस्ट्रेलिया आणि सगळ्यांत मोठ्याचं अमेझॉन. मी तिथे माहितीचे फलक लिहायच्या कामावर लागले होते. "आज आफ्रिका झाडून झाली काय वं?" "ऑस्ट्रेलियातला नळ गळून राह्यला, कोनी पाहाल काय नाई?" असली वाक्यं आजूबाजूच्या गावांतून कामाला येणाऱ्या बायका चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलायच्या. पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. नंतर मीही "मी जरा ऑस्ट्रेलियात जाऊन येते" असं फोनवर आईला सांगू लागले.

प्रत्येक भागाला आत शिरताना दोन दारं असतात आणि मधे एक छोटी खोली. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, नाहीतर पक्षी पसार व्हायचे. अमेझॉनच्या बाहेरच्या दारावर कुंदाताई होत्या. मी काखेत फलक घेऊन घाईने आत घुसले, मागे दार लागलं आणि आतलं काही उघडेना.

"दार उघडा ना," मी म्हटलं.

"उघडते. आधी डोये उतरू द्या, मॅडम."

"काय उतरू द्या?"

"डोये. बाहीरचं ऊन घेऊन आत गेल्या त तुमाले काईच दिसत नाई. उभ्या राहा गुपचूप."

मी उभी राहिले. खोलीत ओल्या मातीचा वास होता. पलीकडून पाण्याच्या फवाऱ्यांचा बारीक आवाज येत होता. कुंदाताई पाय फाकवून, पाठ दाराला टेकवून उभ्या होत्या आणि अगदी सावकाश डोलत होत्या. थोड्या वेळाने मलाही जमीन हलते आहे असं वाटायला लागलं. मी चक्क भिंतीला धरलं. तेवढ्यात डोक्यावर घंटीचे दोन टोले पडले, आतलं दार उघडलं, आणि समोर धुकं, धुक्यात केळीची पानं आणि त्यावर एक लालभडक पक्षी. आपण खरोखर लांब कुठेतरी येऊन पोचलो आहोत असं वाटलं. फलक काखेत होता तो तसाच राहिला.

कुंदाताई निवृत्त कंडक्टर होत्या. वर्धा, देवळी, पुलगाव या रस्त्यावर लाल गाडीत त्यांचं अर्धं आयुष्य उभ्या उभ्या गेलं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथे आल्या. मोडीत निघालेल्या एका गाडीतली घंटी त्यांनी डेपोतून हट्टाने मागून आणली होती. ती त्या मधल्या खोलीत टांगली आणि दोरी बाहेरच्या दारापर्यंत ओढली. आतल्या दारावर मालतीबाई नावाच्या बाई असत. गर्दीत दोघींना एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, म्हणून घंटीवर कारभार. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे उघड.

खांद्याला कंडक्टरची चामडी पिशवी तशीच होती. तिच्यात आता पेपरमिंटच्या गोळ्या, सेफ्टी पिना आणि एक आरसा असायचा. आत शिरणाऱ्या प्रत्येक बाईचे कान त्या तपासायच्या. आतल्या पोपटांना डूल ओढायची सवय होती. "काढा बाई ते, पिशवीत ठेवा. सोन्याचं हाये? मंग त आधी काढा." एका नव्या सुनेने लग्नानंतर वर्षभर न काढलेले झुमके त्यांनी तिथल्या तिथे आरसा धरून काढायला लावले. तिची सासू शेजारी फणकारली तर तिच्याही कानांकडे बोट दाखवलं.

पक्ष्यांविषयी मात्र त्यांना काडीची माहिती नव्हती आणि ती करून घ्यायची इच्छाही नव्हती. मी एवढा जीव ओतून लिहिलेले फलक त्यांनी कधी वाचले नाहीत. कुणी विचारलं, "बाई, हा कोणता पक्षी?" तर म्हणायच्या, "आपले शीट हायेत, नावानं काय करता? कोठी उतरते थे पाहा." कंडक्टर लोक प्रवाशाला शीट म्हणतात. कुंदाताईंच्या लेखी जगात दोनच प्रकारचे जीव होते, बसलेली शीटं आणि बसायची राहिलेली शीटं.

मधल्या खोलीत त्या माणसांना प्रवास घडवायच्या. हलक्या आवाजात म्हणायच्या, "आता देवळी गेली. आता धुकं लागलं. आता नदी येऊन राह्यली, कोनी बोलू नोका." शाळेची पोरं श्वास रोखून उभी राहत आणि मोठी माणसंही. एकदा सेलूकडचे एक आजोबा दिवसभर आत बसले. संध्याकाळी बाहेर येऊन त्यांनी कुंदाताईंना अगदी मनापासून विचारलं, "शेवटची गाडी किती वाजता?" मी जवळच होते, मला हसू फुटलं. कुंदाताई हसल्या नाहीत.

"तुमाले घेतल्याबिगर जात नाई, बाबाजी," त्या म्हणाल्या. "आरामात या."

आजोबांनी मान डोलावली आणि आणखी एक फेरी मारून यायला परत आत गेले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या बाई गंमत करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती गाडीच होती, आणि थोडी थोडी मलाही ती तशी वाटू लागली होती.

त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता. नोकरीत एकही शीट मागे ठेवलं नाही. कुणी चहाला उतरलं, कुणी बाभळीमागे गेलं, कुणाचं पोरगं हरवलं, गाडी थांबायची. घड्याळावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण मोजून सगळे चढल्याशिवाय डबल बेल दिली नाही. यात एक बारीक खोच होती. ती मला नामदेवभाऊंमुळे कळली.

नामदेवभाऊ हे त्यांचे ड्रायव्हर. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर काढली. माणूस देवळीचा, अंगाने आडवा, आणि गिअर टाकायला इतका वेळ घेणारा की पाठीमागच्या गाड्या कोकलायच्या. क्लच दाबायचे, मिशीवरून हात फिरवायचे, आरशात पाहायचे, मग दांडा धरायचे. कुंदाताईंना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पायरीवर म्हातारी असतानाच त्या डबल बेल द्यायच्या. "नामदेवभाऊचा गिअर पडेपर्यंत म्हातारी चढते, बसते, अन् पान बी लावते," असं त्या सांगायच्या. दोघांचं ते गणित होतं. मागे न पाहता जमलेलं.

दिवाळीच्या सुट्ट्यांत नामदेवभाऊ नातेवाईकांना घेऊन उद्यान पाहायला आले. कुंदाताईंचा चेहरा असा उजळला की मी हातातलं काम टाकून बघत राहिले. "जय भीम, भाऊ! लय दिवसानं!" "जय भीम, बाई. तुमची नवी गाडी पाहाले आलो." गर्दी मरणाची होती. मालतीबाईंना पाणी प्यायलाही फुरसत नव्हती. नामदेवभाऊ म्हणाले, "जा तुमी, पाणी पिऊन या, तोवर मी पाह्यतो दार." आणि ते आतल्या दाराशी जाऊन उभे राहिले. कुंदाताईंनी बाहेरून आवाज दिला, "भाऊ, एक म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला!" "हे तुमी मले शिकवता काय?" आतून उत्तर आलं. रांगेतली माणसं हसली.

एक घोळका आत गेला. शेवटची एक बाई कडेवर पोर घेऊन अजून उंबऱ्यात होती. बाहेरचं दार उघडं होतं. आणि कुंदाताईंच्या हाताने दोन टोले दिले.

दोरी त्या वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी ओढत आल्या तोच माणूस पलीकडे होता, एवढंच हाताला ठाऊक होतं. पण तिथे ना क्लच होता ना गिअर. नामदेवभाऊंनी दार सरळ उघडलं. धुक्यातून एक मोठा निळा-पिवळा पक्षी माणसांच्या डोक्यांवरून, त्या खोलीतून, कुंदाताईंच्या कानाला वारा लावून बाहेर पडला आणि उन्हात चमकला. माणसांना तो खेळाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती चंपा होती. मकाव नावाच्या मोठ्या पोपटांच्या जातीची मादी, जन्मापासून माणसांच्या हातून खाल्लेली. तिचा जोडीदार बंडू आत होता. हे दोघं एकाच फांदीवर, एकमेकांची मान खाजवत दिवस काढायचे. पिंजऱ्यात वाढलेल्या अशा पक्ष्याला बाहेर काय खावं ते कळत नाही, थंडी सोसत नाही, आणि घारी, कुत्री, तारा ठाऊक नसतात. फार दिवस निभत नाही. हे सगळं मीच तिच्या फलकावर लिहिलं होतं, आणि त्या संध्याकाळी कुंदाताईंनी पहिल्यांदा मला फलक वाचून दाखवायला लावला. मी वाचला. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"म्हंजे मरते," त्या म्हणाल्या.

"सापडेलही कदाचित..."

"शीट खाली राह्यलं, मॅडम. माह्यं शीट खाली राह्यलं."

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊ उद्यानाच्या साहेबांपुढे येऊन उभे राहिले. "दरवाजा म्या उघडला, चूक माही हाये." मागून कुंदाताई आल्या. "घंटी म्या देल्ली. ह्या माणसाचा काई संबंध नाई." "बाई, तुमी चूप बसा." "तुमीच चूप बसा, भाऊ, गाडी माह्या घंटीवर निघते." एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा भांडत होते, आणि कशावरून, तर चूक कुणाच्या नावावर पडावी यावरून. साहेब नागपूरचे, मऊ स्वभावाचे. ते म्हणाले, "कुंदाताई, जाऊ द्या. जाणूनबुजून केलं का तुम्ही? आपण दुसरा पक्षी मागवू."

"दुसरं शीट आनून गाडी भरते, साहेब," कुंदाताई म्हणाल्या. "पन जे खाली राह्यलं थे खालीच राह्यते न."

त्यानंतर त्या दाराशी उभ्या राहिल्या नाहीत. शीट बसल्याशिवाय घंटीला हात लावणार नाही म्हणाल्या. मग सुरू झाला तो शोध. चंपाचा फोटो गावोगावच्या मोबाईलवर फिरला आणि निरोप येऊ लागले. देवळीजवळ कापूस वेचणाऱ्या बायकांनी तिला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या कडुलिंबावर पाहिलं होतं आणि आधी हात जोडले होते. कुणी तिला भिजवलेले हरभरे ठेवले. कुणी म्हणालं, ती बोरांवर चोच मारते पण खात नाही. कुंदाताई प्रत्येक ठिकाणी जायच्या. सगळी गावं त्यांच्या रस्त्यावरचीच. "कंडक्टरबाई, आमच्या गावात तुमी उतरल्या कधी? घंटी देऊन पुढंच गेल्या नेहमी," असं म्हणत लोक चहा करायचे. चहा हातात थंड व्हायचा. त्या झाडांकडे बघत बसायच्या. सकाळी भेटल्या की त्यांचे डोळे लाल असायचे आणि कुणी विचारलं तर धुळीचं नाव सांगायच्या.

इकडे बंडूने खाणं टाकलं. तो फांदीच्या टोकाला जाऊन दाराकडे तोंड करून बसायचा. आधी दिवसभर ओरडायचा, मग गप्प झाला. ते गप्प होणं मला फार लागलं. मी त्या बाजूने जायचंच टाळू लागले.

बंडूला सोबत न्यायची कल्पना कुंदाताईंचीच. "हाक आपून काऊन मारतो? तिचं मानूस मारन न हाक," त्या म्हणाल्या. साहेबांनी परवानगी दिली. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत मागे बंडूचा पिंजरा ठेवला, त्याच्याशेजारी कुंदाताई उभ्या, स्टिअरिंगवर नामदेवभाऊ, आणि त्यांच्या बाजूला फोन घेऊन मी. दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना कपाशी फुटून शेतं पांढरी पडली होती, मधे तुरीचा पिवळा बहर. नामदेवभाऊ इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. बंडू गप्प. मागून कुंदाताईंचा आवाज येत होता, त्या त्याला एकेक गाव सांगत होत्या. कोण कुठे चढायचं, कुणाच्या टोपलीत काय असायचं. मी डोळे मिटले. मला वाटलं, हा रस्ता असाच चालू राहील आणि आम्ही कुठे पोचणारच नाही.

नाचणगाव दिसू लागलं तेव्हा बंडू ओरडला. कर्कश, घसा फुटल्यासारखा. आणि लांबून, एका चिंचेवरून, तसंच उत्तर आलं.

चंपा खालच्या फांदीपर्यंत आली. मळलेली, पिसं विस्कटलेली. नामदेवभाऊंनी गाडी थांबवली. लोक जमू लागले. कुणीतरी मच्छरदाणी घेऊन आलं. कुंदाताईंनी त्याला हातानेच मागे सारलं आणि कॅबिनच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

"बाई, पाखरू खाली येऊन राह्यलं न! काऊन निघू?"

"निघा. धरू गेलो त उडते. मांगं येते थे. हळू चला."

आम्ही निघालो. चंपा पुढच्या कडुलिंबावर आली. पत्र्यावर एक थाप, आम्ही थांबलो. बंडू ओरडला, ती त्याहून पुढच्या बाभळीवर बसली. ती नीट बसली हे पाहून मग दोन थापा. असं झाडामागून झाड. कुंदाताई एकदाही घाई करत नव्हत्या. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला, मग वर पाहिलं आणि हॉर्नवरून हात काढला. कापूस वेचणाऱ्या बायका शेतात उभ्या राहिल्या. आरशात मला कुंदाताईंची फक्त साडी दिसत होती, आणि तिच्या वर, उतरत्या उन्हात, तो निळा-पिवळा पक्षी. नामदेवभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी त्यांना रस्ता दिसत होता हे आमचं नशीब.

उद्यानात पोचलो तेव्हा सूर्य खांबांच्या मागे गेला होता. माणसं बाहेर काढली होती. बंडूला आत सोडलं. तो थेट जाळीच्या छताला लटकला. चंपा छतावर, बाहेरून. मधे जाळी. दोघं चोचींनी तीच तार चावत होते.

"आता दोनी दारं उघडा, साहेब," कुंदाताई म्हणाल्या.

साहेबांचा चेहरा पडला. या उद्यानात न मोडण्याचा नियम तो एकच. दुसरे पक्षी निसटले तर? कुंदाताई म्हणाल्या, "मालतीबाईनं बाकीच्याईले खान्यावर मांगच्या खोल्याईत बंद केलं. म्या खात्री केली. तरी गेलं एखादं, त मी जन्मभर शोधते. पन एका दारातून थे येनार नाई. तिनं दोनी दारं उघडी पाह्यली हायेत, थाच रस्ता तिले ठावा हाये." साहेबांनी मागच्या खोल्यांच्या कड्या स्वतः जाऊन पाहिल्या. मग त्यांनी होकाराची मान हलवली.

दोन्ही दारं उघडली. ती छोटी खोली मी पहिल्यांदाच आरपार उजेडात पाहिली. बंडूला काय कळलं कोण जाणे, तो उतरून आतल्या दाराशी येऊन बसला. आम्ही सगळे लांब उभे. कुंदाताई बाहेरच्या दाराला पाठ लावून, पिशवी छातीशी धरून, हलत नव्हत्या. चंपा छतावरून खांबावर आली, खांबावरून फरशीवर. आणि मग ती उडाली नाही, चालत आली. मकाव चालतो तशी, पाय आत टाकत, डुलत, दमलेल्या बाईसारखी. कुंदाताईंच्या चपलेजवळ थांबली, वर पाहिलं, आणि आत गेली.

कुंदाताईंनी बाहेरचं दार लावलं. खात्री करून मग आतलं. पण लावताना त्या या बाजूला राहिल्या नाहीत.

इतक्या दिवसांत मी त्यांना अमेझॉनच्या आत गेलेलं पाहिलं नव्हतं. हजारो माणसांना त्यांनी तिथे पोचवलं, स्वतः कधी पाऊल टाकलं नाही. कंडक्टर कुठे उतरतो, असंच काहीतरी असेल. मी थोड्या वेळाने हळूच गेले तर फवारे चालू होते आणि धुक्यात केळीखालच्या बाकावर कुंदाताई बसल्या होत्या. वर चंपा आणि बंडू एकाच फांदीवर, एकमेकांच्या मानेत चोच खुपसून. साहेब माझ्या मागून आले, काहीतरी बोलणार होते. मी ओठांवर बोट ठेवलं.

माझं फलकांचं काम त्याच आठवड्यात संपलं आणि मी वर्ध्याला परतले. कुंदाताई म्हटलं की मला त्या बाकावरच्याच आठवतात. मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं, चपला पायातून निसटलेल्या, आणि धुक्याचे थेंब पांढऱ्या केसांवर. गाढ झोपल्या होत्या.